शाळेची पूर्व

“झालं, साहेब,” असं म्हणून मी डोळ्यांवरचा रुमाल सोडला.

माझ्यामागं फळ्यावर खडूनं काढलेला भारत होता. तो कसा आलाय हे वळून बघायची मला गरज नव्हती. डोळे बांधून भारताचा नकाशा काढणारी मुलगी म्हणून मी आमच्या हायस्कूलमध्ये प्रसिद्ध होते, आणि प्रसिद्ध माणसं मागं वळून बघत नाहीत अशी माझी समजूत होती. म्हणून मी वर्गाकडं तोंड करून टाळ्यांची वाट बघत उभी राहिले.

टाळ्या झाल्या नाहीत. पहिल्या बाकावर माझी मैत्रीण जुबेदा तोंडावर हात दाबून बसली होती. हेडमास्तर किणीकरांचं तोंड उघडं राहिलं होतं. दाराशी भूगोलाचे रेठरेकर सर उभे होते आणि आढ्याकडं बघत होते. ते अजून तात्पुरत्या जागेवर होते. त्यांचं कायम होणं, आणि कायम झाल्यावरच होणारं त्यांचं लग्न, दोन्ही त्या दिवशी तपासणीला आलेल्या मोकाशी साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं.

मोकाशी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“छान. श्रीलंकासुद्धा काढलीस,” ते म्हणाले. “फक्त एक सांग बाळ, गुजरात तिकडं कसं गेलं?”

मी वळून पाहिलं. काश्मीर वर होतं, कन्याकुमारी खाली होती, पण गुजरात उजव्या हाताला आणि बंगाल डाव्या हाताला गेला होता. आरशात बघावा तसा भारत. श्रीलंकाही गपगुमान पलीकडच्या अंगाला जाऊन बसली होती.

कुठल्याही शहाण्या मुलीनं ‘चुकलं, साहेब’ म्हटलं असतं आणि डस्टर उचललं असतं. मी म्हणाले, “साहेब, गुजरात खरंच तिकडं आहे.”

हे मी का म्हणाले ते कळायचं तर आमच्या वर्गातला एक खिळा माहीत असायला हवा.

सातवीपासून नववीपर्यंत आमचा वर्ग एकाच खोलीत भरला, आणि त्या खोलीत फळ्याच्या वर एक भलामोठा खिळा होता. नकाशा अडकवायचा तो त्याच खिळ्याला. फार पूर्वी म्हणे फळा समोरच्या भिंतीवर होता. मग कधीतरी वर्गाचं दार बदललं, त्यामुळं फळा या भिंतीवर आला, फळ्याबरोबर नकाशा आला, आणि नकाशाबरोबर उत्तर दिशाही इकडं आली. कुणी तिला अडवलं नाही.

आमच्या आधीच्या कितीतरी वर्गांना, आणि आठवीपर्यंत आम्हालाही, पाटणकर बाईंनी भूगोल शिकवला. बाई फार प्रेमळ आणि फार कडक होत्या. दारातून आत पाऊल टाकता टाकता त्या विचारायच्या, “उत्तर?” की सगळ्या वर्गाचे हात फळ्याकडं. “पूर्व?” की सगळे हात उजवीकडं, जिकडं दार होतं. “पश्चिम?” की डावीकडं, खिडक्यांकडं. यात काही गडबड आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आता सकाळचं ऊन त्या पश्चिमेच्या खिडक्यांतूनच आत यायचं, हे खरं. खिडकीशेजारच्या मुली डोक्यावर वही धरून त्या उन्हात बसायच्या आणि सगळ्यांबरोबर म्हणायच्या, “सूर्य पूर्वेला उगवतो.” बाई म्हणायच्या, “पश्चिमेची खिडकी लाव गं, ऊन येतंय.” आम्ही लावायचो.

मी तर या दिशांची राणी होते. माझी भारत काढायची विद्या त्यांच्यावरच उभी होती. डोळे बांधून मी फळ्यापुढं उभी राहिले की खिडकीतलं ऊन माझ्या डाव्या गालावर पडायचं. गाल तापला की मला कळायचं, गुजरात इकडं. मग हात आपोआप फिरायचा. ही युक्ती मी कुणाला सांगितली नव्हती. लोक म्हणायचे, पोरीच्या डोक्यात नकाशा आहे. तो माझ्या गालात होता.

बाई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या आणि जूनमध्ये रेठरेकर सर आले. सडपातळ, मान जरा पुढं काढून चालणारे. राहायला ते आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत होते. जेवण आई द्यायची. त्यामुळं सरांच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट आईला भाकरीबरोबर कळायची आणि आमटीबरोबर मला. सरांना कराडची एक मुलगी सांगून आली होती. मुलगी पसंत, सर पसंत, फक्त मुलीचे वडील म्हणाले होते, “जावई तात्पुरता नको. कायम होऊ द्या, मग सुपारी फोडू.”

आईनं हे लग्न स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. “काय सर, कवा करणार तुमास्नी कायम?” हा प्रश्न ती रोज ताट वाढताना विचारायची. सर म्हणायचे, “तपासणी होऊ दे, मावशी.” मग आई माझ्याकडं बघायची. जणू तपासणी मीच लांबवली होती.

पावसाळा सरत आला तेव्हा सरांनी दिशांचा धडा घेतला. सकाळचा पहिला तास होता आणि बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं.

“सगळे उभे राहा,” सर म्हणाले. “पूर्वेकडं तोंड करा.”

आम्ही सगळे झटक्यात उजवीकडं, दाराकडं वळलो. एकाचीही चूक नाही. ऊन आमच्या पाठीवर पडलं होतं.

सर आमच्याकडं बघत राहिले. मग खिडकीकडं बघितलं. पुन्हा आमच्याकडं.

“शेडगे,” त्यांनी मला हाक मारली. “सूर्य कुठं उगवतो?”

“पूर्वेला, सर.”

“पूर्व कुठं आहे?”

मी दार दाखवलं.

“मग तुझ्या पाठीवर हे काय पडलंय?”

“ऊन, सर.”

“कुणाचं?”

“सूर्याचं.”

मला वाटलं, सर आता ‘शाब्बास’ म्हणतील. सर म्हणाले, “आज तुझ्या घरी सूर्य कुठं उगवला?”

“तुळशीच्या मागं, सर. रोज तिथंच उगवतो.” सर स्वतः आमच्याच अंगणात दात घासत असल्यामुळं त्यांना हे माहीत असायला हरकत नव्हती.

“ती कुठली दिशा?”

“पूर्व.”

“आणि ती तुळस इथून कुठं आली? हात कर.”

मी हात केला. तो खिडकीकडं गेला. म्हणजे पश्चिमेकडं. वर्गात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. सरांचा चेहरा मात्र ताप आलेल्या माणसासारखा झाला होता, म्हणून मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

“सर, ती घरची पूर्व. ही शाळेची.”

सगळ्या वर्गानं माना हलवल्या. इतकी साधी गोष्ट सरांना माहीत नसावी, याचं आम्हाला वाईट वाटलं. शहराकडं शिकलेले होते, तिकडं एकच पूर्व असेल.

तेवढ्यात जुबेदा उभी राहिली. तिचे वडील गावातल्या मशिदीचे मुल्ला.

“सर, माझं कायम चुकतंय ह्यात,” ती म्हणाली. “आमच्यात नमाजाला पश्चिमेकडं तोंड करत्यात. मशिदीत अब्बा जिकडं तोंड करत्यात ती बाजू इथनं दाराकडं येती. म्हणून मी एकदा पेपरात दाराकडं पश्चिम लिवली, तर बाईंनी गुण कापले.”

“नमाजाची पश्चिम निराळी असेल,” मी तिला समजुतीनं म्हणाले.

सर खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, रडताहेत. पुढच्या बाकावरची एक मुलगी पाणी आणायला उठलीसुद्धा. पण सर हसत होते. इतके हसत होते की त्यांना बोलता येईना.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गाची उलथापालथ झाली. सरांनी सगळी बाकं फिरवली. आता आम्ही मागच्या भिंतीकडं, म्हणजे खऱ्या उत्तरेकडं तोंड करून बसलो. त्या भिंतीवर सरांनी स्वतः नवा खिळा मारला, त्याला नकाशा अडकवला, आणि तीन पायांच्या घोडीवरचा जुना लाकडी फळा कुठूनसा आणून उभा केला. मूळचा फळा आमच्या पाठीमागं गेला. एक दिवस तर त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर अंथरला आणि आम्हाला भोवती बसवलं.

“आता हा नकाशा आणि ही जमीन एका रेषेत आहेत,” ते म्हणाले. “इथून या बोटाच्या दिशेनं चालत सुटलात, तर खरोखर पुणं येईल.”

जुबेदा लगेच उठून उभी राहिली आणि त्या बाजूला बघायला लागली, जणू भिंतीपलीकडं पुणं दिसणार होतं. वर्गातली सगळी मुलं आपापल्या माणसांच्या दिशा विचारायला लागली. कुणाचा भाऊ मुंबईला, कुणाची आत्या सोलापूरला. इतकी वर्षं ही गावं कागदावर होती. ती भिंतीच्या पलीकडं, वाटेनं जाता येईल अशी आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मलाही ते आवडलं होतं. पण मी ते कबूल करणार नव्हते, कारण माझ्यावर संकट कोसळलं होतं.

माझा भारत बिघडला होता.

नव्या फळ्यापुढं डोळे बांधून उभी राहिले, तर ऊन उजव्या गालावर पडलं. गाल तापला, हात सवयीनं तिकडं गेला आणि मी तिकडं गुजरात काढून मोकळी झाले. सगळा वर्ग खो खो हसला. ज्या वर्गावर मी सातवीपासून राज्य केलं, तो वर्ग. जुबेदा, जिला नकाशात श्रीलंका कधी सापडली नाही, ती म्हणाली, “इंदे, बंगालमधी गरबा चाललाय व्हय गं?”

मी घरी येऊन रडले. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, “सरांनी दिशा बदलल्या.”

“मग घे की बदलून तू बी,” आई म्हणाली. “त्यात काय रडायचं? सून घेती का न्हाई माहेरचं सोडून सासरचं?”

मी हट्टाला पेटले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सराव करून काही फायदा नव्हता, कारण तेव्हा ऊन दाराकडून यायचं. म्हणून मी रोज सकाळी शाळा भरायच्या आधी जायची आणि डोळे बांधून नव्या फळ्यावर सराव करायची. गाल तापला की बंगाल. गाल तापला की बंगाल. जुबेदा शेजारी बसून पेरू खात मला ‘चुकलं’, ‘बरोबर’ असं सांगायची. गालाला नवं वळण लागायला बरेच दिवस गेले, पण लागलं. शेवटी शेवटी मी इतक्या झोकात भारत काढायला लागले की जुबेदाचा पेरूसुद्धा हातातच राहायचा.

आणि मग तपासणी आली.

आदल्या दिवशी दुपारी किणीकर हेडमास्तर वर्गात आले. बाकांकडं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“रेठरेकर, हे सगळं होतं तसं करा,” ते म्हणाले. “साहेब आले आणि पोरं फळ्याकडं पाठ करून बसलेली दिसली, तर काय म्हणतील? बरं, मोकाशी साहेब याच शाळेत शिकलेत. याच वर्गात. त्यांना आपली शाळा होती तशी दिसली पाहिजे.”

“पण सर, दिशा—”

“दिशा तपासणीनंतर बदला. आज तुमचं कायम व्हायचं बघा.” मग ते आमच्याकडं वळले. “साहेबांनी दिशा विचारल्या, तर पाटणकर बाईंनी शिकवल्यात तशाच सांगायच्या. कळलं? आणि शेडगे, तू डोळे बांधून भारत काढायचास.”

आम्ही बाकं ओढत पुन्हा जुन्या फळ्याकडं केली. सरांनी नकाशा काढून जुन्या खिळ्याला अडकवला. अडकवताना त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण उतरून आल्यावर ते बराच वेळ हात झटकत राहिले.

सकाळी आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की भुवया वर गेल्या. “नीट काढ गं बाई नकाशा,” ती म्हणाली. “त्या पोराचं लगीन आज तुझ्या हातात हाय.”

“हेडमास्तरांनी सांगितलंय तसंच करणार,” मी म्हणाले. आणि मी खरंच तसंच करणार होते. परीक्षकाला काय हवंय ते ओळखून देणं, हा तर माझा हातखंडा होता. सत्य वगैरे गोष्टींशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला सरांचं लग्न हवं होतं आणि टाळ्या हव्या होत्या.

साहेब आले ते हसतच. दारातूनच म्हणाले, “अरे वा, खिळासुद्धा तोच!” ते खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकापाशी गेले, त्यावर हात फिरवला. “मी इथं बसायचो.” हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी मला पुढं बोलावलं, स्वतःचा रुमाल माझ्या डोळ्यांना बांधला आणि हातात खडू दिला.

मी फळ्यापुढं उभी राहिले. ऊन डाव्या गालावर पडलं. गाल तापला. आणि रोज सकाळच्या त्या सगळ्या मेहनतीला स्मरून माझा हात डावीकडं गेला आणि त्यानं तिथं, काहीही कुचराई न करता, बंगाल काढला.

त्यानंतर काय झालं ते सांगितलंच आहे.

“साहेब, गुजरात खरंच तिकडं आहे,” मी म्हणाले.

“खरंच म्हणजे?”

आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांच्या पाठीमागून हेडमास्तर मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होते. मी रेठरेकर सरांकडं पाहिलं. त्यांनी आढ्यावरची नजर काढली होती आणि ते सरळ माझ्याकडं बघत होते. ना हो, ना नाही.

“म्हणजे साहेब, शाळेचं गुजरात इकडं आहे,” मी खिडकीकडं हात केला, “आणि खरं गुजरात तिकडं.” मी दाराकडं हात केला. रेठरेकर सर नेमके दारात उभे असल्यामुळं, मी त्यांनाच गुजरात म्हणतेय असं दिसलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत.

“शाळेचं आणि खरं. दोन गुजरात आहेत?”

“सगळंच दोन दोन आहे, साहेब,” जुबेदा बसल्या जागेवरून म्हणाली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. “शाळेची पूर्व अन् घरची पूर्व. ही खिडकी हाय न्हवं, ती शाळेत पश्चिमेला हाय. बाहीर गेलं की पूर्वेला.”

साहेब खिडकीकडं वळले. सकाळचं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन बाकांवर, जमिनीवर, त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडलं होतं. ते कितीतरी वेळ त्या उन्हाकडं बघत राहिले.

मग साहेब तिसऱ्या बाकाशी गेले आणि चक्क त्यावर बसले. गुडघे मावेनात, म्हणून तिरपे बसले.

“पाटणकर बाई म्हणायच्या,” ते हळू आवाजात म्हणाले, “मोकाशी, पश्चिमेची खिडकी लाव रे, ऊन येतंय. सकाळी. आणि मी उठून लावायचो.” ते थांबले. “रोज लावायचो.”

आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

“हे शोधून कुणी काढलं?” साहेबांनी विचारलं.

“हे आपले नवे सर आहेत ना, साहेब, त्यांनी,” हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले. “तात्पुरते आहेत.” ‘तात्पुरते’ हा शब्द त्यांनी नको इतका जोर देऊन उच्चारला. मला मुंडावळ्या बांधलेले सर दिसत होते, आणि त्या मुंडावळ्या कुणीतरी सोडून नेत होतं.

“मग बाकं अजून अशी का?” साहेबांनी सरांना विचारलं. “नकाशा या खिळ्याला का?”

सरांनी एकदा हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांवर ढकलायची ही उत्तम संधी होती. मी असते तर ढकललंच असतं.

“तपासणी होती म्हणून, साहेब,” सर म्हणाले. “नीट लावली होती, ती मी पुन्हा फिरवली. फिरवायला नको होती.”

साहेब उठले. फळ्यावरचा माझा उलटा भारत त्यांनी पुन्हा एकदा पाहिला. मग हेडमास्तरांना म्हणाले, “बाई आहेत अजून?”

“आहेत, साहेब. पुण्याला, मुलाकडं.”

“त्यांना यातलं काही कुणी कळवू नका,” साहेब म्हणाले आणि निघून गेले. सरांबद्दल एक शब्द नाही. शेरा नाही, शाबासकी नाही, काही नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. काही लोकांनी मला सत्यवादी ठरवलं. साहेबांच्या तोंडावर खरं बोलली म्हणे शेडग्यांची पोर. मी तो मान नाकारला नाही, पण आईनं मला त्याचा उपभोग घेऊ दिला नाही.

“लगीन मोडलंस त्या पोराचं,” ती म्हणाली. “एक गुजरात नीट काढता आलं न्हाई?”

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात सुतकासारखे गेले. सरांच्या ताटात आई वाटीभर तूप जास्त वाढायची आणि माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावायची. माझ्या ताटात फक्त नजर. कराडहून मुलीच्या वडिलांचा निरोप आला, काय झालं म्हणून. सरांनी उत्तर दिलं नाही. मला जेवण जाईना. भूगोलाचं पुस्तक उघडलं की त्यातला भारत माझ्याकडं बघतोय असं वाटायचं.

एका संध्याकाळी सर अंगणात तुळशीपाशी बसले होते. मी जाऊन उभी राहिले.

“सर, माझ्यामुळं झालं ना सगळं?”

“शेडगे, एक विचारू?” ते म्हणाले. “हेडमास्तरांना हवा होता तसा नकाशा तुला येत नव्हता का?”

“येत होता की. आधी तोच येत होता.”

“मग?”

मला खोटं बोलायचं फार मनात आलं. ‘सर, तुम्ही शिकवलं तेच खरं म्हणून’ असं म्हणता आलं असतं. शोभलंही असतं.

“ऊन गालावर पडलं, सर,” मी म्हणाले, आणि गालाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. सातवीपासूनची. जुबेदाच्या पेरूंसकट.

सर ऐकत होते आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. त्या पहिल्या दिवसासारखे. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “म्हणजे माझं लग्न तुझ्या गालावर होतं तर,” ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मीही हसायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आम्हा दोघांना हसताना बघून तिनं कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात किणीकर हेडमास्तर स्वतः वर्गात आले. सरांना कायम करायला साहेबांनी मान्यता दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. साहेबांनी आणखी एक सूचना केली होती. शिपायानं पक्कड आणली, स्टुलावर चढला आणि फळ्यावरचा तो खिळा उपटून काढला. त्याबरोबर भिंतीचा वाडगाभर गिलावा खाली आला. “मला त्या खिळ्याचा पहिल्यापासून संशय होता,” हेडमास्तर म्हणाले. नंतर ते हे सगळ्यांना सांगत असत.

सुपारी फुटली आणि मार्गशीर्षात कराडला लग्न ठरलं. सकाळचा मुहूर्त होता. आई, मी, जुबेदा आणि वर्गातली आणखी काही मुलं एसटीनं गेलो. कार्यालय चांगलं मोठं होतं, पण चारी बाजूंनी बंद. आत ट्यूबलाइट. कुठून आलो आणि कुठं तोंड आहे, काही कळत नव्हतं.

गुरुजींनी अंतरपाट हातात घेतला आणि विचारलं, “नवरदेवाला पूर्वेकडं तोंड करून उभं करा. पूर्व कुठली हो इथं?”

मुलीच्या काकांनी एकीकडं हात केला. मामांनी दुसरीकडं. कार्यालयाचा माणूस म्हणाला, “आम्ही दर लग्नाला असंच उभं करतो.” मुहूर्ताची घटका जवळ येत होती आणि पाटावर उभ्या असलेल्या सरांना लोक हाताला धरून कधी असं, कधी तसं फिरवत होते. फिरता फिरता मुंडावळ्यांच्या आडून त्यांना मी दिसले.

“शेडगे!” त्यांनी हाक मारली. “पूर्व?”

सगळं कार्यालय माझ्याकडं बघायला लागलं. समोर स्टेजवर भिंतभर काळा मखमली पडदा लावलेला होता. कितीही नाही म्हटलं तरी तो फळ्यासारखाच दिसत होता, आणि माझा उजवा हात आपोआप वर उठायला लागला.

“घरची, शेडगे,” सर म्हणाले. “घरची.”

मी हात खाली घेतला. माणसांतून वाट काढत, चपलांच्या ढिगावरून उडी मारून मी बाहेर पळत गेले. रस्त्यावर आले. समोरच्या सोनाराच्या दुकानावर सूर्य चांगला वर आलेला होता. मी तो नीट बघून घेतला, त्या बाजूचा हात तसाच ताठ धरून, वळताना तो सूर्याकडंच राहील अशा बेतानं पुन्हा आत आले, आणि सरांपाशी येऊन उभी राहिले. लोक हसत होते. मी हात खाली घेतला नाही. गुरुजींनी त्या बाजूला सरांचं तोंड केलं आणि अंतरपाट धरला.

“एवढी भूगोलात हुशार लेक माझी,” आई शेजारच्या बाईला सांगत होती, “पर बाहीर जाऊन बघितल्याबिगर एक दिशा सांगता येत न्हाई बघा तिला.”

जुबेदानं माझ्या मोकळ्या हातात अक्षता ठेवल्या, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.